दीडशे सेंटिमीटरची रांग

माझं वजन एकशे बारा किलो. हे आधीच सांगून टाकते, कारण माणसं नाहीतरी समोरच्या बाईचं वजन मनातल्या मनात करतच असतात. तुमचे तेवढे कष्ट वाचतील. मी जयमाला बिराजदार, मुक्काम लातूर. बत्तीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवते. गावातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत आणि एकीचं माप मी दुसरीला कधी सांगितलेलं नाही. आमचे हे, उमाकांत, जनावरांच्या दवाखान्यातून पर्यवेक्षक म्हणून रिटायर झाले. त्यांचं वजन एकशे आठ. लग्नात फोटोवाला म्हणाला होता, "जरा मागं सरका, दोघं मावत नाहीत." तेव्हापासून आम्ही मागंच सरकत आलोय.

विमानात मागं सरकायला जागा नसते. जुन्या पद्धतीच्या विमानात मी एकदाच बसले, आमच्या लेकीच्या, ईश्वरीच्या पदवीदानाला दिल्लीला जाताना. पट्टा पोटावरून पुरेना. हवाईसुंदरीनं जोडपट्टी आणली ती दोन्ही हातांत ताणून, सगळ्यांना दिसेल अशी. शेजारची बाई उठून उभी राहिली आणि तिला म्हणाली, "माझ्या निम्म्या सीटवर ही बसलीय. मी पूर्ण तिकीट काढलंय." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दोन तास खिडकीला चिकटून, अंग चोरून बसले आणि उतरल्यावर ह्यांना सांगितलं, पुन्हा मला विमानात घालायचं असेल तर सामानाबरोबर खाली घाला.

पुढं त्या नव्या रांगा आल्या. तिघांची एक रांग, एकूण रुंदी दीडशे सेंटिमीटर. मधल्या दांड्या पक्क्या नाहीत, सरकत्या आहेत. विमानात शिरायच्या आधी एका फरशीवर उभं राहायचं; ती अंगाचा आकार वाचते आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी जागा त्याला मिळते. काडीसारख्या माणसाला सदतीस, माझ्यासारखीला अठ्ठावन्न. तिघांची बेरीज दीडशेच, म्हणून जाड माणसाशेजारी बारीक बसवायची जुळणी कंपनीचा कॉम्प्युटर करतो. मला हे लगेच पटलं. कापड तेवढंच असतं, कुणाच्या अंगाला किती लागेल ते बघून कापायचं असतं. इतकी वर्षं हे विमानवाले सगळ्या गावाला एकाच मापाचा ब्लाउज घालत होते, आणि तो बसला नाही की दोष अंगाला देत होते.

ईश्वरी ऑस्ट्रेलियात, पर्थला असते. जावई निनादराव तिथं पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनियर आहेत. लेकीचं पहिलं बाळंतपण, आईनं जायला नको का? सहा महिन्यांचा व्हिसा काढला, जाण्यायेण्याची तिकिटं एकदमच काढली आणि हैदराबादहून निघालो. थेट विमान, नऊ तासांचं.

तिकिटावर ह्यांना खिडकी होती आणि मला मधली जागा. कडेला एक सडपातळ गृहस्थ आधीच डोळे मिटून बसले होते. हे म्हणाले, "तू आत जा." मी आत गेले, खिडकीशी. ह्यांनी मध्ये बसून घेतलं. आमचं तीस वर्षं हेच चालत आलंय. एसटी असो, जीप असो, लग्नाची पंगत असो, परक्या पुरुषाच्या शेजारी हे बसणार आणि मी कडेला. घोषणा झाली होती की आपापल्या नंबरावरच बसा. पण आपल्याकडं आधी बसायचं असतं, नंबर मग बघायचा. दांड्या जरा पुढंमागं झाल्या, अंगाला लावून थांबल्या, आणि आम्हाला कुणी काही म्हणालं नाही.

खरं सांगते, मी त्या प्रवासात रडले. मांडी घालण्याएवढी ऐसपैस जागा होती. कुणी सुस्कारा टाकला नाही, कुणी कोपर मारलं नाही. ह्यांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही, बरं वाटतंय."

पर्थला पोचून आठ दिवस झाले आणि कंपनीचा निरोप आला. परतीच्या प्रवासासाठी आमच्या आसनांची अंदाजे रुंदी. उमाकांत बिराजदार, अठ्ठावन्न. जयमाला बिराजदार, एकोणचाळीस.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकोणचाळीस. ही माझ्या चुलत्याच्या सुनेची रुंदी, जिला वारा आला की आम्ही धरून ठेवायचो. खाली लिहिलं होतं, आपण जाताना जसे बसलात त्यावरून हा अंदाज बांधला आहे. मी ह्यांना म्हणाले, "बघा, तुम्ही लेकीच्या हातचं खाऊन अजून फुगणार आणि मी घटणार. यंत्र लिहून देतंय." हे हसले. मी लातूरला नणंदेला फोन लावला. "वन्सं, पुढच्या संक्रांतीला तुमच्या मापाचा ब्लाउज मला होईल." त्या म्हणाल्या, "बाई गं, काय खातेस तरी काय तिकडं?" मी दुधाच्या पावडरीचे पेढे केले, शेजारच्या तीन घरांत वाटले आणि कशाचे म्हणून विचारलं तर खुणेनं कंबर दाखवली.

संध्याकाळी निनादराव कामावरून आले. ईश्वरी नववा लागल्यापासून या वेळेला झोपायची. हे ओट्याशी चहा गाळत होते. निनादरावांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कशाचे, आई?" मी फोन पुढं केला. त्यांनी तो वाचला आणि पेढा चावायचे थांबले.

"आई, तुम्ही हल्ली काही वेगळं खाताय? चालायला जाताय?"

"आता जाईन ना. यंत्रानं एवढा विश्वास दाखवलाय माझ्यावर."

ते खुर्ची ओढून बसले. निनादराव मुळात कमी बोलणारे. बोलले की समोरच्याला समजेपर्यंत समजावतात.

"विमानातल्या सीटची ती गादी नुसतं वजन मोजत नाही," ते म्हणाले. "तिच्यात मोहरीएवढे हजारो सेन्सर असतात. हृदयाचा ठोका पडला की रक्त वर उसळतं आणि अंग काही ग्रॅमनं खाली दाबलं जातं, ते तिला कळतं. श्वास कळतो. मांस आणि चरबी यांतला फरक कळतो. मांस घट्ट असलं की माणूस दर थोड्या वेळानं सावरून बसतो. आतून झिजायला लागलं की तो गादीत नुसता टेकून राहतो, काट्यावर वजन तेवढंच असलं तरी. नऊ तास ती हे वाचत असते."

"मग?"

"मग असं, की त्यांच्याकडं वर्षातून चार-चार वेळा बसणारे कोट्यवधी लोक आहेत. आज असा बसलेला माणूस सहा महिन्यांनी किती रुंद होऊन आला, हे सगळं साठलेलं आहे. कॉम्प्युटर त्यावरून शिकलाय. कंपनीला सहा महिन्यांनंतरच्या सीटा आजच विकायच्या असतात, म्हणून तिला फक्त रुंदी हवी. ती का कमी होणार, याच्याशी तिला देणंघेणं नाही. कॉम्प्युटरलाही ते माहीत नाही."

"मी पथ्य पाळणार असेन म्हणून."

"पथ्यानं चार-पाच सेंटिमीटर उतरतात, आई."

"आणि एकोणीस कशानं उतरतात?"

ओट्याशी ह्यांच्या हातातली गाळणी बशीवर टेकली तेवढा आवाज झाला. मग निनादराव म्हणाले, "उद्या डॉक्टरकडं जाऊ. ईश्वरीला आत्ता काही सांगायचं नाही."

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. आज रक्त, परवा पोटाचा फोटो, मग त्या नळकांड्यात झोपवून सगळ्या अंगाचा. मला खुर्चीची भीती वाटायला लागली. सोफ्यावर बसले की वाटायचं, हाही वाचतोय का मला. एकदा दुपारी घरात कुणी नसताना मी सोफ्यावर टेप टाकली आणि एकोणचाळीस सेंटिमीटरवर खडूची खूण केली. एवढ्या जागेत मी बसणार होते. मी त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले, आणि तिथं माझ्याच चेहऱ्याची एक बाई बसलेली मला दिसायला लागली. गालफडं आत गेलेली, बांगड्या कोपरापर्यंत चढवलेल्या. ती माझ्याकडं बघत होती. मी खडू पुसला तरी ती जाईना. पुढं कितीतरी दिवस मी त्या कोपऱ्यात बसले नाही.

मधल्या आठवड्यात ईश्वरी सुटली. मुलगी झाली, सव्वातीन किलोची. मी तिला न्हाऊमाखू घालायची आणि मनात म्हणायची, हिला मी आठवणार नाही.

मी ह्यांना तयार करायला घेतलं. ह्यांनी जन्मात कधी कुकर लावला नव्हता. मी उभी राहून शिकवलं. "डाळीत हळद आधी घालायची, मीठ मागनं. तीन शिट्ट्या. मी नसले की तुम्ही काय हॉटेलात जेवणार काय रोज?" हे मुकाट्यानं डाळ धुवायचे. "कपड्यांना नीळ घालू नका, अंगाला खाज येते तुमच्या. वन्संच्या घरी दिवाळीला जात जा, एकटे बसू नका घरात." हे "हो" म्हणायचे. प्रत्येक गोष्टीला हो. एकदा मी चिडले, "अहो, मी मरायचं बोलतेय आणि तुम्ही नुसतं हो काय म्हणता?" तर ते म्हणाले, "सांग की तू. मी शिकतोय." आणि तिसऱ्या शिट्टीला त्यांनी बरोबर गॅस बंद केला.

शेवटचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट बघितले. मला काहीही झालेलं नव्हतं. साखर काठावर, गुडघे झिजलेले, बाकी काळीज घोड्याचं. त्या म्हणाल्या, यंत्राचे अंदाज चुकतात. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हसले, रडले, आणि घरी येऊन पोटभर जेवले. निनादरावांनी कंपनीला तक्रार लिहिली. हे तेवढे त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, सकाळचा नाश्ता जड झालाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीच्या बारशासाठी झबलं शिवायला घेतलं. ईश्वरीनं तिथं एक छोटी मशीन घेऊन ठेवली होती. हे नातीला खांद्यावर घेऊन दारात उन्हाला उभे होते, माझ्याकडं पाठ करून. अंगात मी शिवलेला आकाशी शर्ट. मी दोरा ओवायला मान वर केली आणि माझी नजर त्यांच्या खांद्यावर गेली.

बाहीच्या मुंढ्याची शिवण खांद्याच्या हाडावरून चांगली दोन बोटं खाली उतरली होती.

आता हे कसं सांगू तुम्हाला. बाजारातनं जाणाऱ्या परक्या बाईचा ब्लाउज अर्धा इंच सैल झालेला मला रस्त्याच्या पलीकडनं कळतो. आणि ह्यांचे शर्ट मी गेली दहा वर्षं एकाच जुन्या कागदावर बेतून कापत होते. कागद ठेवायचा, खडू फिरवायचा, कात्री चालवायची. आपल्याच माणसाचं काय माप घ्यायचं, ते तर पाठ असतं, असं मला वाटायचं. तीन आठवडे मी माझ्या अंगावर टेप लावून लावून बघत होते, आणि ह्यांच्याकडं माझं लक्षच नव्हतं.

मग मला विमानातली जागा आठवली. माझ्या नंबरावर नऊ तास कोण बसलं होतं ते आठवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझ्या नावाची गादी ह्यांचं अंग वाचत होती.

आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला आधी बरं वाटलं. म्हणजे ते नक्की माझं नव्हतं, हे आता खात्रीनं कळलं म्हणून. अगदी एका श्वासापुरतं असेल. पण वाटलं.

मी उठले. टेप गळ्यातच होती. म्हणाले, "बारशाला नवा शर्ट शिवते तुम्हाला. या इकडं."

हे वळले आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग नातीला पाळण्यात ठेवलं आणि माझ्यासमोर हात पसरून उभे राहिले. मी छाती घेतली, गळा घेतला, खांदा घेतला. टेपची टोकं पूर्वीपेक्षा लवकर मिळत होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"छातीला तीन इंच गेलेत."

"हं. माझा अंदाज अडीचचा होता."

मी टेप सोडली. "तुम्हाला माहीत होतं."

"जन्मभर जनावरं चाचपली गं मी. नीट खाऊनपिऊन बैल उतरतोय म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. निनादराव बोलत होते तेव्हाच कळलं. जागा बदलल्याचं तिथंच ध्यानात आलं."

"आणि तीन आठवडे मी रोज मरत होते ते बघत बसलात? मला डाळ शिकवायला लावलीत?"

"पोरीचं बाळंतपण व्हायचं होतं."

"ते होऊनही दहा दिवस झाले."

ते खाली बसले. सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसले, जिथं मी खूण केली होती. मी त्यांच्याकडं बघितलं. गालफडं आत चालली होती. इतके दिवस मला दिसणारं ते माणूस बाई नव्हतंच.

"खोटं कशाला बोलू आता," ते म्हणाले. "आधी वाटलं, यंत्रच चुकलं असेल. मग वाटलं, कुणी सांगावं, कागदावर जसं नाव आहे तसंच खरं असेल. तुझा शेवटचा रिपोर्ट यायचा होता त्या सकाळी मी अंघोळ करून हात जोडले आणि म्हणालो, महादेवा, तिचं निघू दे." त्यांनी डोळे वर केले नाहीत. "एकदाच म्हणालो. पण म्हणालो."

मला त्यांना मारावंसं वाटलं. तीस वर्षं परक्या माणसाच्या आणि माझ्या मध्ये बसणारा नवरा माझा. मी आत गेले आणि दार लावून घेतलं. आत पलंगावर बसल्यावर मला कळलं, की मी त्यांना शिव्या घालू शकत नव्हते. त्यांनी जे देवाला मागितलं ते मला न मागता मिळालं होतं, आणि मी ते घेतलं होतं.

ह्यांना स्वादुपिंडाचा आजार निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यकृतापर्यंत गेलाय, आता दुखणं कमी ठेवायचं एवढंच हातात आहे. निनादरावांनी विचारलं, तीन आठवडे आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, असं कुणालाच सांगता येत नाही. तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. तो न विचारताच रोज घरात असतो.

लातूरला लगेच परत जाऊ, असं मी म्हणाले. ह्यांनी ऐकलं नाही. "जिथं नात आहे तिथं राहू. तारखेला जाऊ." मग चार महिने ते नातीला मांडीवर घेऊन बसले. तिचं नाव शर्वाणी ठेवलं. ती वाढत होती आणि हे उतरत होते, आणि मी दोघांचेही कपडे शिवत होते, तिचे दर महिन्याला मोठे आणि ह्यांचे लहान. ईश्वरीला सगळं कळलं होतं. ती बापाशी हसून बोलायची आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या पदरात तोंड घालून रडायची. आम्ही नवराबायको मात्र त्या सकाळबद्दल बोललो नाही. मी त्यांना भरवायची, पाठ चोळायची, औषधाच्या वेळा पाळायची. बोलायचं तेवढं राहून जायचं.

परतीच्या दिवशी त्या फरशीवर मी उभी राहिले. पडद्यावर माझ्या नावापुढं एकोणचाळीस लिहिलेलं होतं, ते मिटलं आणि अठ्ठावन्न आलं. माझ्यामागं हे चढले. अठ्ठावन्न मिटलं आणि एकोणचाळीस आलं. एक सेंटिमीटरचाही फरक नव्हता. तिथला माणूस म्हणाला, नावं उलटी पडली होती वाटतं, काही हरकत नाही, बेरीज बरोबर आहे.

मी खिडकीशी बसले, हे मध्ये. कडेची जागा रिकामी होती. सगळ्यात शेवटी एक मुलगी आली. वय पंचवीस-सव्वीस असेल, अंगानं मी तरुणपणी होते तशी. पर्स पोटाशी धरून, खांदे आत घेऊन, दोन्ही बाजूंच्या लोकांची माफी मागत येत होती. ती चाल मला ओळखीची होती. आमच्या रांगेशी येऊन तिनं ह्यांच्याकडं बघितलं, मग दांडीकडं बघितलं. त्रेपन्न सेंटिमीटर तिच्यासाठी उघडले होते. ती हळूच बसली, मग जरा टेकली, मग पूर्ण टेकली.

आमचं मराठी ऐकून ती म्हणाली, "काकू, मी नांदेडची. शिकायला होते इथं. एवढी जागा मला आजपर्यंत कधीच मिळाली नव्हती."

"बस बाळा, नीट बस," मी म्हणाले.

तेवढ्यात ह्यांचा जुना फोटो असलेला पासपोर्ट त्यांच्या मांडीवरून घसरून उघडा पडला. तिनं उचलून दिला, फोटो बघितला, पुन्हा ह्यांच्याकडं बघितलं. तिचे डोळे मोठे झाले.

"काका, हे तुम्ही? एवढं वजन उतरवलंत? काय केलंत, सांगा ना मला. मी सगळं करून बघितलंय."

त्या पोरीच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती. मी पेढे वाटले तेव्हा माझाही चेहरा असाच असेल. ह्यांनी पासपोर्ट खिशात ठेवला आणि तिच्याकडं वळले.

"काही केलं नाही. आणि तूही काही करू नकोस," ते म्हणाले. "आहेस तशी ऐसपैस बस. जागा आहे."

ती हसली. तिला ते काकांचं समजुतीचं बोलणं वाटलं असेल. तासाभरात जेवण आलं, तिनं नीट कोपरं टाकून जेवण केलं आणि तोंड उघडं टाकून झोपून गेली. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अहो. त्या दिवशी तुमचा खांदा बघितला ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. माझं नाही म्हणून."

"माहीत आहे," ते म्हणाले. "वळलो तेव्हा दिसलं मला तुझ्या तोंडावर."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला. ते माझ्या बाजूला कलले होते, त्यामुळं त्यांच्या पलीकडच्या अंगाला गादीवर भार राहिला नव्हता. गादीला ते कळलं. पलीकडची दांडी आवाज न करता सरकायला लागली, ह्यांच्या दिशेनं. एक बोट सरकली, दोन बोटं सरकली. झोपेतली पोरगी तेवढी अजून पसरली. तिचा काही दोष नव्हता. यंत्राचाही नव्हता, जागा रिकामी दिसली की ती दुसऱ्याला द्यायची, एवढंच त्याला शिकवलेलं आहे.

मी हात ह्यांच्या पाठीमागनं घातला. पूर्वी माझा हात ह्यांच्याभोवती कधी पोचायचा नाही, आम्ही त्यावर हसायचो. आता तो सहज पलीकडं गेला. मी दांडीला तळवा लावला. माणसाचा हात लागला की ती थांबते, बोटं चिमटू नयेत म्हणून. ती थांबली. हात काढला असता तर पुन्हा निघाली असती. हवाईसुंदरीनं दोनदा येऊन विचारलं, काही हवंय का, आणि दोन्ही वेळा मी नको म्हणाले. हैदराबादला पाच तास होते, आणि मी हात काढला नाही.